तीनशे पासष्टचा दिवा

नांदेडला विष्णुपुरीच्या विद्यापीठात पीएच.डी. करत होतो, तेव्हा आमच्या लॅबच्या कोपऱ्यात एक काळी पेटी होती. समोर डोळे लावायची खिडकी, खाली प्लेट सरकवायला फट आणि वर दोन बटणं. एकावर 254 लिहिलेलं, दुसऱ्यावर 365. हे आकडे तरंगलांबीचे, नॅनोमीटरमधले. दोन्ही प्रकाश डोळ्याला न दिसणारे, अतिनील. दिवसातून पंधरा-वीस वेळा मी त्या पेटीला डोळे लावायचो आणि दर वेळी 254चंच बटण दाबायचो. रिॲक्शन झाली की नाही एवढंच मला बघायचं असायचं. टीएलसीच्या, म्हणजे सिलिकाचा पातळ थर दिलेल्या, प्लेटवर केशनळीनं ठिपका द्यायचा, हेक्झेन आणि इथाइल ॲसिटेटच्या मिश्रणात प्लेट उभी करायची, मिश्रण वर चढलं की काढून वाळवायची. 254खाली अख्खी प्लेट हिरवट उजळते आणि आपलं संयुग तिच्यावर काळ्या डागासारखं दिसतं. जुन्या मालाचा डाग गेला, नवा आला, की पुढच्या कामाला लागायचं.

2007 सालच्या एका संध्याकाळी बोट दुसऱ्या बटणावर पडलं. प्लेट काळीकुट्ट झाली आणि तिच्या मधोमध एक निळा ठिपका पेटला. पेटला हाच शब्द खरा. दुसरं काहीच दिसत नव्हतं, ना प्लेटची कड, ना पेन्सिलची रेघ. मी ती प्लेट किती वेळ बघत राहिलो सांगता येणार नाही. मग फ्लास्क उचलला, त्यातलं थोडं द्रावण टेस्ट ट्यूबमध्ये घेतलं आणि पेटीत धरलं. खोलीतल्या उजेडात ते फिकट पिवळं, जवळजवळ पाण्यासारखं होतं. पेटीत मात्र सगळी नळी निळी भरलेली.

ते संयुग होतं पायरॅझोलिन. आमच्याकडे, म्हणजे मराठवाड्यातल्या पुष्कळशा ऑरगॅनिकच्या लॅबमध्ये, चालकोन हा घरचा पदार्थ. ॲसिटोफिनोन आणि बेन्झाल्डिहाइड अल्कोहोलमध्ये घ्यायचं, कॉस्टिक घालायचं आणि रात्रभर ढवळत ठेवायचं. सकाळी पिवळा साका तयार. त्याला महागडी यंत्रं लागत नाहीत, दुर्मीळ धातू लागत नाहीत, आणि एकदा चालकोन हाताशी आला की त्याच्यापासून डझनभर प्रकारची वलयं बांधता येतात. फेनिलहायड्रॅझिनबरोबर तापवलं की पायरॅझोलिन. आम्ही ती बनवायचो जंतुनाशक गुणधर्म तपासायला. कागदावर 'रंग', 'वितळणबिंदू', 'उतारा टक्के' असे रकाने असायचे. त्या रात्री मी वहीत पट्टीनं एक रकाना वाढवला आणि वर लिहिलं, '365'. माझ्या गाइड सरांनी दुसऱ्या दिवशी वही बघितली, काही क्षण थांबले आणि म्हणाले, "मागचीपण सगळी बघून घे."

मागची म्हणजे सदतीस संयुगं. छोट्या बाटल्यांत, कपाटात. मी एकेक काढून बघत गेलो आणि पुढच्या चार वर्षांचं काम त्या चार दिवसांत ठरलं.

मराठीत याला अनुस्फुरण असा शब्द आहे. लॅबमध्ये मात्र सगळे फ्लुओरेसन्स म्हणतात किंवा नुसतं 'ग्लो'. रेणूवर अतिनील प्रकाश पडतो, रेणू तो गिळतो आणि त्यातला इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतो. तिथून तो लगेच खाली येत नाही. आधी रेणू थोडासा थरथरतो, त्या थरथरण्यात काही ऊर्जा उष्णता होऊन जाते, आणि उरलेली घेऊन इलेक्ट्रॉन खाली उतरतो तेव्हा ती प्रकाश म्हणून बाहेर पडते. मधे थोडी खर्ची पडलेली असते म्हणून आत गेलेल्या प्रकाशापेक्षा बाहेर आलेला कमी ऊर्जेचा. अतिनील आत जातं आणि निळं बाहेर येतं, किंवा निळं आत जातं आणि हिरवं बाहेर येतं. हा सगळा व्यवहार सेकंदाच्या काही अब्जांश भागात उरकतो. केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्स यांनी 1852 साली याचा नीट अभ्यास मांडला आणि फ्लुओरस्पार या खनिजावरून त्याला नाव दिलं. फ्लुओरस्पार म्हणजे कॅल्शियम फ्लोराइड. हे नाव पुढे माझ्या कामात वेगळ्याच वाटेनं परत येणार होतं.

थरथरण्यात सगळीच ऊर्जा संपली तर प्रकाश उरत नाही. म्हणून रेणू जितका ताठ, तितका चांगला. साध्या चालकोनचा सांगाडा सैल आहे, तो वळतो, हलतो, आणि पेटीत जवळजवळ अंधारच राहतो. त्याच्यात फेनिलहायड्रॅझिनचे दोन नायट्रोजन गुंफून पाच कोनांचं वलय झालं की तो जागच्या जागी धरला जातो. वर एक नायट्रोजन इलेक्ट्रॉन ढकलणारा, दुसऱ्या टोकाला ओढणारा. मग मी टोकं बदलत गेलो. ढकलणाऱ्या बाजूला जोर वाढवला की निळा हिरव्याकडे सरकायचा. मेथॉक्सी लावला की उजळायचा. नायट्रो लावला की दिवा विझायचा. हे पुस्तकात आधीच लिहिलेलं आहे, मला माहीत होतं. तरी एकाच स्टँडवर नऊ नळ्या ओळीनं लावून पेटीत ठेवल्या आणि सातव्या नळीपाशी एकदम काळोख दिसला, तेव्हा नायट्रो गट म्हणजे काय हे मला कळलं, असं मी आजही मुलांना सांगतो.

फेनिलहायड्रॅझिन विषारी आहे. कातडीला लागलं तर पुरळ येतं, शरीरात गेलं तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. पुढे लातूरला शिकवायला लागलो तेव्हा बी.एस्सी.च्या मुलांना मी ते कधीच हाताळू दिलं नाही. 254चा दिवाही उघड्या डोळ्यांनी बघायचा नसतो. काच मधे असलीच पाहिजे.

नांदेडच्या उन्हाळ्याबद्दल सांगितल्याशिवाय या कामाचं चित्र पुरं होत नाही. मे महिन्यात बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंश असतात. ईथर पस्तीस अंशाच्या आत उकळतं. म्हणजे बाटलीचं बूच उघडलं की आत उकळी. डायक्लोरोमिथेन चाळीसला उकळतं, त्यामुळे दुपारी त्याचं कॉलम, म्हणजे संयुगं वेगळी करायची सिलिका भरलेली नळी, लावलं तर सिलिकाच्या थरात बुडबुडे होऊन भेगा पडतात आणि दोन दिवस जपून वेगळे केलेले पट्टे एकमेकांत मिसळून जातात. साधा चालकोन पंचावन्न-सत्तावन्न अंशाला वितळतो, जरा अशुद्ध असला की त्याच्याही खाली. मे महिन्यात तो साका म्हणून बसायचाच नाही, तेलासारखा तळाशी लोळायचा. आम्ही कॉलम पहाटे पाचला लावायचो. दहापर्यंत उरकायचं. तेव्हा गोदावरीच्या बाजूनं थोडा गार वारा यायचा. युरोपातल्या पद्धतींच्या वर्णनात 'खोलीच्या तापमानाला' असं सरसकट लिहिलेलं असतं. आमची खोली त्यांच्यापेक्षा वीस अंशांनी पुढे असायची. ते लक्षात ठेवूनच प्रत्येक कृती वाचावी लागायची.

आता माझी एक मोठी चूक. एका पायरॅझोलिनमध्ये नायट्रो गट असूनही ते निळं चमकताना दिसलं. नियमाला अपवाद सापडला म्हणून मी दोन रात्री झोपलो नाही. सरांकडे नळी घेऊन गेलो. त्यांनी पेटीत बघितलं आणि एकच प्रश्न विचारला, "ब्लँक बघितलास का?" ब्लँक म्हणजे संयुग न घालता बाकी सगळं तेच. मी बघितला नव्हता. त्याच धुतलेल्या फ्लास्कमध्ये नुसतं अल्कोहोल फिरवलं आणि पेटीत धरलं. तेही निळं. आम्ही काचसामान कपडे धुण्याच्या पावडरीनं घासायचो आणि त्या पावडरीत कपडे पांढरे दिसावेत म्हणून फ्लुओरेसन्ट द्रव्य घातलेलं असतं. नीट न विसळलेल्या फ्लास्कच्या भिंतीवर ते चिकटून राहिलं होतं. माझं संयुग काळंच होतं, नियमाप्रमाणे.

पेटीतून डोकं काढलं तेव्हा माझ्या शर्टाची बाही त्या खिडकीच्या उजेडात निळसर पांढरी चमकत होती. लहानपणी आई शेवटच्या पाण्यात टिनोपॉल टाकायची. पुढे राणीपाल आलं. चिमूटभर भुकटी बादलीत विरघळवायची आणि वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, धोतर त्यात बुडवायचं. मला वाटायचं ते मळ काढतं. ते मळ काढत नाही. बहुधा ते स्टिल्बिन जातीचं संयुग असतं, सुतावर चिकटून बसतं, उन्हातलं अतिनील गिळतं आणि निळा प्रकाश सोडतं. जुन्या कापडाचा पिवळेपणा त्या निळ्यात झाकला जातो. अण्णांचं धोतर पंचमीच्या जत्रेत सगळ्यांपेक्षा उजळ दिसायचं. त्याचं कारण मला माझ्या चुकीनं सांगितलं.

मोजमाप हा या कामातला खडतर भाग. डोळ्याला निळं दिसतं, पण किती निळं, हे मोजायला स्पेक्ट्रोफ्लुओरोमीटर लागतं आणि चारही बाजूंनी पारदर्शक असलेली क्वार्ट्झची क्युव्हेट लागते. ओळखीनं मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत वेळ मिळायचा. मी बाटल्यांना ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळून, रुमालात बांधून, देवगिरी एक्स्प्रेसनं रात्री निघायचो. पिशवी पायाशी ठेवायची नाही, मांडीवर धरायची. तुलनेसाठी क्विनाइन सल्फेट न्यायचो, सौम्य गंधकाम्लात विरघळवलेलं. तेच मलेरियाचं क्विनाइन. त्याच्या द्रावणाच्या वरच्या थरात दिसणारी निळी झळाळी जॉन हर्शेल यांनी 1845 साली नोंदवून ठेवली आहे. क्विनाइन शंभर फोटॉन गिळून साधारण चौपन्न परत देतं. अल्कलीतलं फ्लुओरेसिन नव्वदच्या वर. माझ्या सगळ्यात चांगल्या पायरॅझोलिनचा आकडा क्विनाइनच्या जरा वर आला तेव्हा मी परतीच्या गाडीत आख्ख्या डब्याला सांगत सुटलो असतो, पण सांगणार काय आणि कुणाला. परभणीला चहा घेतला.

त्या मुंबईच्या फेऱ्यांमध्येच मी के. वेंकटरामन यांचे 'द केमिस्ट्री ऑफ सिंथेटिक डाइज'चे जाडजूड खंड पहिल्यांदा उघडले. पहिले दोन 1952 सालचे. मुंबई विद्यापीठाच्या माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान विभागात, म्हणजे यूडीसीटीत, रंगरसायनाचा विभाग त्यांनी उभा केला आणि 1957 साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे ते पहिले भारतीय संचालक झाले. फ्लेव्होन बनवायच्या ज्या रूपांतराला त्यांचं नाव जोडलेलं आहे ते आम्ही एम.एस्सी.ला पाठ केलं होतं. परीक्षेसाठी पाठ केलेलं नाव इतक्या जवळच्या माणसाचं आहे, याच महाराष्ट्रात त्यांनी इतकं काम केलं, हे मला तेव्हा कळलं. ते आम्हाला आधी कुणी सांगायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.

पीएच.डी. झाली. 2012 साली लातूरला एका महाविद्यालयात लागलो. तिथे पेटी होती, दिवा गेलेला होता. स्वतःच्या पैशांनी नोटा तपासायचा छोटा अतिनील दिवा आणला, दुकानदार वापरतात तो. नोटेवरचे आकडे फ्लुओरेसन्ट शाईत छापलेले असतात, कागदातले तंतूही चमकतात. तोच दिवा आमच्या संयुगांना पुरेसा होता.

2016चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. मांजरा धरण कोरडं पडलं. मार्चमध्ये पाणवठ्यांभोवती जमावबंदी लागली. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, दहा डबे, पाच लाख लिटर. पुढे डबे वाढले. आमच्या गल्लीत आठवड्यातून एकदा टँकर यायचा आणि घागरींची रांग पहाटे तीनपासून लागायची.

आणि लॅबमध्ये आमचं रोजचं काम रिफ्लक्सचं. रिफ्लक्स म्हणजे फ्लास्क तापवायचा आणि वर काचेचा कंडेन्सर बसवून त्याच्या बाहेरच्या नळीतून सतत गार पाणी खेळवायचं, म्हणजे वाफ झालेला द्रव थंड होऊन परत खाली पडतो. नळाला रबरी नळी, दुसरी नळी बेसिनमध्ये. सगळ्या जगात हे असंच करतात आणि मीही नऊ वर्षं असंच केलं होतं. त्या मार्चमध्ये मी बेसिनमध्ये पडणारी ती धार मोजपात्रात धरली. मिनिटाला चारशे मिलिलिटर. तासाला चोवीस लिटर. सहा तासांची रिॲक्शन म्हणजे एकशे चव्वेचाळीस लिटर, सहा जणांच्या घराचं दोन दिवसांचं पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी. गाळणी करायला लागणारा पाण्याच्या फवाऱ्यावरचा पंप तर त्याच्याहून जास्त पितो. मी नळ बंद केला. त्या दिवशी लॅबमध्ये अकरा मुलं होती. कुणी काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी लॅब अटेंडंट मामांनी घरातल्या कूलरची मोटर काढून आणली. प्लास्टिकच्या ड्रममध्ये वीस लिटर पाणी, त्यात मोटर बुडवलेली, तिची नळी कंडेन्सरला आणि कंडेन्सरची परत ड्रममध्ये. पाणी कोमट झालं की बाटल्यांमध्ये गोठवलेला बर्फ ड्रममध्ये सोडायचा. तेच वीस लिटर जूनपर्यंत फिरत राहिलं. त्यात शेवाळ धरलं, मामांनी तुरटी टाकली. ती व्यवस्था आजही तशीच आहे. त्यानंतर किती पाऊस झाला तरी आमच्या लॅबमधल्या कंडेन्सरचं पाणी बेसिनमध्ये गेलेलं नाही.

आणि आम्ही खलबत्ता काढला. बऱ्याच रिॲक्शनला द्रावक लागतच नाही, दोन पदार्थ नुसते घोटले तरी होतात. चालकोन होतो. आणखी एक झकास संयुग होतं, सॅलिसिलअल्डॅझिन. सॅलिसिलअल्डिहाइड, हायड्रॅझिनचा क्षार आणि थोडं सोडियम ॲसिटेट. हायड्रॅझिनही विषारीच, त्यामुळे हातमोजे घालून, धुरांड्याखाली, मी स्वतः घोटायचो आणि मुलं बघायची. दहा मिनिटांत खलात पिवळी भुकटी. दिव्याखाली ती हिरवट पिवळी लखलखते. मग ती अल्कोहोलमध्ये विरघळवायची, आणि दिव्याखाली द्रावण जवळजवळ मुकं. मुलांची तोंडं उतरतात. आता त्यात थेंब थेंब पाणी घालायचं. द्रावण गढूळ होतं आणि एका थेंबाला परत उजळतं. एकेकटा रेणू हालचालीत ऊर्जा उधळून टाकतो. पाण्यात विरघळता न आल्यानं ते एकमेकांना चिकटतात, हलायला जागा राहत नाही, आणि मग प्रकाश बाहेर येतो. बहुतेक जुन्या रंगांचं याच्या उलट असतं, गर्दी झाली की ते विझतात. बेन झोंग तांग आणि सहकाऱ्यांनी 2001 साली दुसऱ्या एका रेणूवर ही उलटी तऱ्हा दाखवली आणि त्यावरून एक मोठी शाखाच उभी राहिली. त्या उन्हाळ्यात पाण्याच्या एका थेंबानं उजळणारी ती नळी बघून मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, अजून एक थेंब टाका ना." तिच्या गावाला तेव्हा दहा दिवसांनी पाणी येत होतं.

फ्लोराइडचं काम मी त्याच्याही आधी हातात घेतलं होतं. नांदेड जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या पाषाणाचा, पण किनवट, देगलूर, बिलोलीकडे ग्रॅनाइट आहे. ग्रॅनाइटात फ्लोराइड धरून ठेवणारी खनिजं असतात, त्यात फ्लुओरस्पारही येतं, आणि खोल विंधन विहिरीच्या पाण्यात ते हळूहळू उतरतं. एका लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते पाणी पिण्यालायक नाही. किनवटकडच्या काही गावांत मी मुलांचे दात बघितले आहेत. पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे. हसताना ती मुलं तोंडावर हात धरतात.

कल्पना सोपी होती. रिसॉर्सिनॉल आणि इथाइल ॲसिटोॲसिटेट थंड गंधकाम्लात घेतलं की कुमारिन वर्गातलं एक संयुग मिळतं, चार-मेथिल-अंबेलिफेरोन. ही पेखमनची 1883च्या सुमाराची पद्धत. अल्कलीत ते इतकं सुंदर निळं चमकतं की पहिल्यांदा बघणारा माणूस मागे सरकतो. त्याच्या ज्या ऑक्सिजनमुळे ही चमक येते त्याच्यावर सिलिकॉनचं टोपण बसवायचं. टोपण बसलं की चमक दबते. फ्लोराइडचं सिलिकॉनवर विलक्षण प्रेम, तो येऊन टोपण ओढून काढतो आणि निळं परत येतं. हा विचार माझा नव्हता, जगात अनेकांनी केलेला होता. मला तो किनवटच्या पाण्यात चालवायचा होता.

ॲसिटोनायट्राइलमध्ये, बाटलीतल्या शुद्ध फ्लोराइडच्या क्षारावर, तो झकास चालला. दोन मिनिटांत निळा. मी शनिवारी किनवटच्या गाडीत बसलो, चार गावांतल्या हातपंपांचं पाणी घेऊन रविवारी रात्री परतलो आणि सोमवारी सकाळी थेंब टाकला. काहीच नाही. दुपारी काही नाही. मंगळवारी सकाळी नळ्या निळ्या झालेल्या होत्या. चारही. आणि पाचव्या नळीत मी लातूरचं, फ्लोराइड जवळजवळ नसलेलं पाणी ठेवलं होतं. तीही निळी.

पाण्यात फ्लोराइडभोवती पाण्याच्या रेणूंचा घट्ट वेढा पडतो, तो सिलिकॉनपर्यंत पोचतच नाही. आणि आपलं बोअरचं पाणी अल्कलीकडे झुकलेलं, त्यातला बायकार्बोनेट रात्रभरात ते टोपण स्वतःच काढून टाकतो. फ्लोराइड असो नसो, नळी निळी होणार. मी तीन वर्षं टोपणं बदलली, साबणासारखी द्रव्यं घालून बघितली. लिटरला दीड मिलिग्रॅम आणि पाऊण मिलिग्रॅम यांत फरक दाखवील असं काही हाती लागलं नाही. शुद्ध द्रावकातल्या आकड्यांवर निबंध लिहिता आला असता. सोमवारच्या त्या काळ्या नळ्या आणि ती पाचवी निळी नळी बघितल्यावर मी तो पाठवला नाही. चुकीचं 'सुरक्षित' सांगणारा रंग हा रंगच नसण्यापेक्षा वाईट, कारण त्यावर विसंबून कुणीतरी ते पाणी लेकराला पाजणार. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळांत झिर्कोनियम आणि एसपीएडीएनएस नावाच्या तांबड्या रंगाची पद्धत चालते. तिथे फ्लोराइड झिर्कोनियमला ओढून घेतं आणि तांबडा फिका पडतो. त्यात चमकधमक काही नाही, पण ती पाण्यात काम करते. किनवटची पुढची बाटली मी तिथेच तपासायला दिली आणि गावाला आकडा कळवला.

2018च्या ऑक्टोबरमध्ये गावाकडे सोयाबीनची मळणी चालू होती. अण्णांच्या डाव्या डोळ्यात फोलपट उडालं. दोन दिवस त्यांनी दूध घातलं, तुपाचं बोट फिरवलं आणि तिसऱ्या दिवशी मला फोन केला. "दिसंना गेलंय रे, आन् लईच खुपायलंय." मी त्यांना मोटरसायकलवर बसवून नेत्रतज्ज्ञांकडे आणलं. डॉक्टरांनी एक पातळ कागदी पट्टी फोडली, टोक नारिंगी. सलाइनचा थेंब देऊन ती खालच्या पापणीच्या आत टेकवली. अण्णांना डोळा मिटायला, उघडायला सांगितलं, यंत्रापुढे हनुवटी टेकवली आणि निळा प्रकाश लावला.

"तुम्ही बघता का?" डॉक्टरांनी विचारलं. मी केमिस्ट्री शिकवतो हे त्यांना माहीत होतं.

मी यंत्राला डोळा लावला. अण्णांचं बुबुळ निळ्या उजेडात अंधाऱ्या विहिरीसारखं दिसत होतं आणि त्याच्या कडेला, घड्याळाच्या चारच्या जागी, ज्वारीच्या दाण्याएवढा हिरवा डाग जळत होता. बुबुळावरची वरची कातडी शाबूत असली की हा रंग आत शिरत नाही, अश्रूंबरोबर वाहून जातो. जिथे ती सोलवटलेली असते तिथेच तो मुरतो.

ते फ्लुओरेसिन होतं. अडॉल्फ फॉन बायर यांनी 1871 साली थॅलिक ॲनहायड्राइड आणि रिसॉर्सिनॉल एकत्र तापवून बनवलेलं. 1877 साली तेच सुमारे दहा किलो, डॅन्यूब नदीचं पाणी जिथे जमिनीत मुरतं तिथे ओतलं आणि साठेक तासांनी ते बारा किलोमीटरवरच्या आख नदीच्या झऱ्यातून हिरवं बाहेर आलं. एका नदीचं पाणी दुसरीला कसं मिळतं ते असं सिद्ध झालं. आणि हीच रिॲक्शन मी दर वर्षी दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडून करून घेतो. चिमूटभर हे, चिमूटभर ते, गंधकाम्लाचे दोन थेंब, जपून तापवायचं. नळीत काळपट तांबडा गोळा होतो. तो कॉस्टिकच्या पाण्यात सोडला की हिरवा धूर उठावा तसा रंग खाली उतरत जातो. वीस वर्षं मी ती नळी बघत आलो होतो. वडिलांच्या डोळ्यात ती पहिल्यांदा बघितली.

घरी येताना अण्णांनी विचारलं, "काय घातलं रे त्यानं डोळ्यात? पिवळं पाणी यायलंय."

"आम्ही कॉलेजात बनवतो ते, अण्णा."

"तू बनवतूस?"

"पोरं बनवतात. डोळ्यात घालायचं लई शुद्ध असतं, ते कारखान्यात होतं. पण चीज तीच."

ते काही बोलले नाहीत. औश्याच्या रस्त्याला लागल्यावर मागून म्हणाले, "मग चांगलं शिकीव त्यान्ला."

औषध चालू होतं. चौथ्या दिवशी परत गेलो. पुन्हा पट्टी, पुन्हा निळा प्रकाश. डॉक्टरांनी बराच वेळ बघितलं, डोळा वर करायला लावला, खाली करायला लावला आणि मला जागा दिली. मी चारच्या जागी बघितलं. सगळीकडे सारखं अंधारलेलं बुबुळ, वर पातळ हिरवट ओल, आणि डाग कुठेच नाही. अण्णांनी खिशातला पांढरा रुमाल काढून डोळा पुसला. रुमालावर पिवळा ठिपका राहिला.

तो रुमाल मी मागून घेतला. दुसऱ्या दिवशी मुलं यायच्या आधी लॅबचे पडदे ओढले, रुमाल पांढऱ्या टाइलवर पसरला आणि ठिपक्यावर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा एक थेंब सोडून दिवा लावला. आईनं राणीपालात बुडवलेला सगळा रुमाल निळा उजळला आणि मधोमध तेवढा ठिपका हिरवा.